आठ सोनेरी, एक काळा

समुद्रपूरच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसायची ती बाई म्हणजे मी, जया. दुकानमालक बडे शेठ, म्हणजे केवलचंदजी, यांनी मला ओटा दिला तो काही दयेनं नव्हे. ब्लाउजपीस घेतलेल्या बाईनं तिथल्या तिथं माप दिलं की ती दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही, एवढं त्यांना कळत होतं. माझाही फायदा होता, म्हणून मीही कधी उपकार मानले नाहीत. मशीनवर बसलं की डोळे शिवणीत गुंततात, कान मात्र मोकळे राहतात, आणि माझे कान पहिल्यापासून जरा लांबच आहेत.

मला सांगायचं आहे ते बडे शेठच्या धाकट्या भावाबद्दल. ताराचंद त्यांचं नाव, पण सगळं गाव त्यांना छोटे शेठ म्हणायचं. साठीला टेकलेल्या माणसाला छोटे म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही, त्यांनाही त्याचं काही वाटत नसावं असं आम्ही धरून चाललो होतो. अंगानं किरकोळ, शर्ट कायम फिक्या रंगाचा, धुवून धुवून तो रंगही कोणता होता ते सांगता येऊ नये. आवाज इतका बारीक, की गिऱ्हाइकाला पुढे वाकावं लागे. दिवसभर ठाण उलगडायचे, दाखवायचे, घडी घालून परत ठेवायचे. एकदा गिरडच्या एका म्हाताऱ्या बाईनं लुगडं पसंत पडल्याच्या आनंदात त्यांच्या हातावर चहाला म्हणून दहाची नोट ठेवली. नोकर समजली ती. मी ओट्यावरून तिला सांगणार होते, तर छोटे शेठनी नोट कपाळाला लावली आणि खिशात घातली. मला हसूही आलं आणि रागही आला.

दुकानात शिरलं की डाव्या हाताला गादी होती. पांढरीशुभ्र चादर, दोन लोड, पुढ्यात लाकडी गल्ला. गादीवर घरातला सर्वांत मोठा पुरुषच बसणार, असा त्यांच्या घरचा नेम. बडे शेठ जेवायला गेले की गादी रिकामी. ते तीर्थाला गेले तरी गादी रिकामी. छोटे शेठ कडेला सतरंजीवर बसून गल्ला सांभाळायचे, पण गादीला गुडघा लागू द्यायचे नाहीत. रोज सकाळी चादर तेच बदलत. ती अंथरल्यावर तळहातानं जितकी सारखी करायला हवी त्याहून जास्त वेळ त्यांचा हात तिच्यावरून फिरायचा, हे मी पाहिलं होतं. त्यांना मुलगा नव्हता. एकुलती मुलगी मयुरी अमरावतीला दिलेली. बडे शेठचा मुलगा प्रफुल नागपूरला सासऱ्याबरोबर टाइल्सच्या धंद्यात होता आणि महिन्यातून एखादा रविवार गाडी घेऊन येऊन जायचा.

छोटे शेठना गादी हवी होती की नाही, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. निघालं ते त्यांच्या बायकोच्या, सुमित्राभाभींच्या तोंडून. लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या गादीवर जोडीनं बसायचं असतं. मोठ्या भाभी वारल्यापासून बडे शेठ एकटेच बसायचे, आणि सुमित्राभाभी आरतीचं ताट धरून उभ्या. एकदा माझ्याकडून ब्लाउजचे हूक लावून घेताना त्या म्हणाल्या, "जया, एका दिवाळीले आमी दोघं तिथं बसावं, येवढंच वाट्टे मले. त्यायच्याही मनात तेच हाय. बोलत नाई, पण बत्तीस साल झाले, मले कळते." मी दोरा दातानं तोडला आणि बसाल की, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मग दुकानात मासे आले.

दोन वर्षांमागची गोष्ट. धंदा मंदावला होता. पोरी मोबाईलवर ड्रेस मागवायला लागल्या होत्या, आणि लग्नाचा बस्ता काढायला माणसं हिंगणघाटच्या शोरूममध्ये जायला लागली होती. बडे शेठनी वास्तुवाले पंडित बोलावले. पंडितजींनी सांगितलं, ईशान्येला पाणी हवं, आणि पाण्यात नऊ मासे. आठ सोनेरी, एक काळा. मालकावर संकट येतं ते काळा मासा आपल्या अंगावर घेतो. बडे शेठना हे पटलं, पण एक अडचण निघाली. माशांच्या खाण्याच्या डबीवर लिहिलेलं असतं, की त्यात सुक्या मासळीची भुकटी आहे. ज्या घरात कांदासुद्धा वेगळ्या सुरीनं चिरतात, त्या घरच्या दुकानात हे कसं चालणार? त्यांनी प्रफुलला फर्मान सोडलं, की शाकाहारी मासा शोध. प्रफुल बिचारा नागपूरभर फिरला आणि त्याला एक दुकानदार भेटला. तो म्हणाला, आहे ना, आफ्रिकेतल्या एका तलावातला आहे, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, एकदम शुद्ध शाकाहारी. सोनेरीही आहे आणि काळाही आहे.

त्यांचं नाव सिक्लिड की असंच काहीतरी होतं. आमच्या तोंडी ते बसलं नाही, आम्ही त्यांना आफ्रिकावाले म्हणायचो. बोटाएवढे मासे, पण बघत राहावं असे. आठांचा रंग हळदीसारखा पिवळाजर्द, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत आडव्या काळ्या पट्ट्या, पट्टीला पांढरी किनार. नववा काळा. त्याचं सगळं उलटं होतं, जिथं त्यांचं पिवळं तिथं याचं काळं, आणि मधून फिक्या निळ्या रेघा. एकाच छापाचं कापड दोन उलट्या रंगांत निघावं तसं. मी कापडातली बाई, मला ते लगेच दिसलं. बडे शेठ तर हरखून गेले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, की हे आपल्यासारखे आहेत, कोणाचा जीव घेत नाहीत. गिऱ्हाइकं त्या काचेच्या पेटीला हात जोडायची.

ते कौतुक फार टिकलं नाही. पेटीत शोभेला एक मडकं आडवं ठेवलेलं होतं. काळ्यानं ते धरलं. तोंडात खडे भरायचे, बाहेर नेऊन थुंकायचे, असं करून त्यानं मडक्याचं तोंड मोकळं केलं आणि तो आत ठाण मांडून बसला. कुणी वितीभर जवळ आलं, की बाण सुटावा तसा सुटायचा. एका सकाळी पेटीच्या कोपऱ्यात एक पिवळा मरून पडलेला होता, शेपटी कुरतडलेली, डोळ्याशी जखम. चार दिवसांनी आणखी एक. अंगाचा एक घासही कुणी खाल्लेला नव्हता.

बडे शेठ कितीतरी वेळ त्या मेलेल्या माशाकडे बघत राहिले. "खायाचं नाई, तर मारायचं कायले?" असं त्यांनी छोट्या भावाला विचारलं. मला मात्र ओट्यावर हसू फुटलं. भाजीपाला खाणारा मारत नाही, हे या लोकांना कुणी सांगितलं कोण जाणे. आमच्याकडे वरणभात खाणारे सख्खे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडतात, आणि संध्याकाळी दोघंही हरिपाठाला हजर असतात.

पेटी काढून टाकायची सोय नव्हती, कारण पंडितजींचं वचन होतं. मेलेल्यांच्या जागी प्रफुल नवे आणून टाकायचा, आणि पेटी धुणं, खाऊ घालणं हे सगळं न सांगता छोटे शेठच्या गळ्यात पडलं. ते रोज घरून डबीत उकडलेले वाटाणे आणि पालक आणायचे. आधी काम म्हणून करत होते. मग मी बघितलं, की दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्टूल घेऊन पेटीशी बसतात, चष्मा कपाळावर, नाक काचेला. अधूनमधून मलाही हाका मारायचे. एकदा एका पिवळीचा जबडा फुगला आणि तिनं खाणं सोडलं. सुमित्राभाभी म्हणाल्या, हिनं उपवास धरला. पुढं तिच्या तोंडातून तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं बाहेर पडली. इतके दिवस ती उपाशी राहून त्यांना तोंडात सांभाळत होती. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही पिल्लू दिसलं नाही, आणि शेवाळ खाणाऱ्या बाकीच्या माशांची पोटं भरलेली होती. हे आम्ही बडे शेठना सांगितलं नाही.

छोटे शेठचा जीव जडला तो वेगळ्याच एका माशावर. हा पिवळा कायम वर, पाण्याच्या तोंडाशी, हवेच्या नळीमागे तिरका होऊन लपलेला असायचा. पंख मिटलेले. खाली आला की काळा झडप घालायचा, म्हणून तो खाली यायचाच नाही. बाकीच्यांचं खाऊन झालं की वर तरंगत राहिलेलं मिळेल ते खायचा. छोटे शेठ त्याच्यापुरता वाटाणा चिमटीत कुस्करून नळीमागे सोडायचे. एकदा मला म्हणाले, "ही मादी नसंल, जया. मादीले काळा एवढा मारत नाई." या जातीत नर काळा आणि माद्या पिवळ्या, असं दुकानदारानं प्रफुलला सांगितलेलं, म्हणून मी म्हटलं, नर असता तर काळा नसता का झाला? ते म्हणाले, "तो आहे तवरीक कसा होईल?" आणि परत काचेकडे वळले.

मागच्या नवरात्रात बडे शेठ दुकानातच कोसळले. प्रफुल आला आणि त्यांना नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. हृदयाचं दुखणं होतं आणि किडन्याही थकल्या होत्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, की आशा फार धरू नका. हे प्रफुलनं मला स्वतः फोनवर सांगितलं होतं, ते लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्यावरूनच भांडावं लागलं.

दिवाळीचा धंदा तोंडावर होता. सुरुवातीचे काही दिवस छोटे शेठ सतरंजीवर बसूनच सगळं बघत होते. नागपूरहून बडे शेठचा फोन यायचा, अमुक माल काढ, तमक्याला देऊ नको. हळूहळू फोनवरचा आवाज खोल जायला लागला, मग फोन फक्त प्रफुलचा यायला लागला. त्याच सुमारास छोटे शेठनी काच घासायची म्हणून काळ्याला जाळीनं काढून मागच्या खोलीत टबात ठेवलं. काच घासून झाली. काळा टबातच राहिला. मी एकदा आठवण करून दिली, तर म्हणाले, राहू दे दोन दिवस, बाकीच्यांना जरा श्वास घेऊ दे.

नळीमागचा पिवळा पहिल्या दिवशी खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला, मडक्यापाशी गेला आणि घाईनं परत वर गेला. मग एका दुपारी तो मडक्यातून तोंड काढून बसलेला दिसला. त्याचा पिवळा रंग आधी मळला, धुरकट झाला. पोटाकडून काळं चढत गेलं. पट्ट्या फिकट व्हायला लागल्या. आठवडाभरात तो असा झाला, की बाहेरून आलेल्यानं हाच पहिला काळा म्हणून सांगितलं असतं. पंख उभारून बाकीच्यांपुढे थरथरत मिरवायचा. छोटे शेठनी मला मशीनवरून उठवून आत नेलं आणि नुसतं म्हणाले, "पाह्य." मी माशाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहिलं. या माणसाला दात आहेत, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी जेवून परत आले तर छोटे शेठ गादीवर बसलेले.

मी चहा सांगितला, आणि पहिला कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. मला मनापासून बरं वाटलं, खोटं का सांगू. त्यानंतरच्या दिवसांत तो माणूस मी नव्यानं पाहिला. आवाज ओट्यावर ऐकू यायला लागला. गिऱ्हाइकाला भाव सांगायचे आणि त्यावर ठाम राहायचे. सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन करून त्यांनी साड्यांचा असा माल मागवला, की पोरी परत दुकानात यायला लागल्या. मैत्रिणीला घेऊन यायच्या, हसत निघायच्या. एक दिवस ते चक्क किरमिजी रंगाचा कुर्ता घालून आले. सुमित्राभाभी डबा घेऊन यायच्या त्या ओट्यावर माझ्याजवळ बसून आत बघत राहायच्या. दिवाळीपर्यंत बडे शेठ काही परत येत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. मग पूजेला कोण बसणार? त्यांनी लाल काठाची पिवळी साडी काढली आणि मला ब्लाउज टाकायला सांगितला. गळा जरा मोठा ठेव म्हणाल्या, आणि या वयात शोभेल का, म्हणून लाजल्या.

दिवाळीला थोडेच दिवस उरले होते. मांडगावचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायला आलेलं, दुकानभर साड्या पसरलेल्या. छोटे शेठ गादीवरून एक शालू उलगडून दाखवत होते. फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन ठेवला, शालूची घडी घातली. मग उठले, आणि जिथं बसले होते तिथली चादर तळहातानं सारखी केली. मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, रडायला गेले असतील. ते टब घेऊन बाहेर आले, कोपरापर्यंत भिजलेले, आणि टबातला काळा मासा त्यांनी पेटीत सोडला. मग गिऱ्हाइकाला हात जोडून म्हणाले, की दुकान बंद आहे, भाऊ गेले.

माणसं उठेपर्यंत पेटीत सुरू झालं होतं. जुना काळा मडक्याकडे निघाला, आणि नवा मडकं सोडेना. दोघांनी एकमेकांची तोंडं धरली. मी म्हटलं, छोटे शेठ, एकाला काढा, मरतील. त्यांनी ऐकलं, पण जाळीला हात लावला नाही. शटर ओढलं आणि निघून गेले. दिवाळी सुतकातच गेली, दुकान बंदच होतं, ते एकटेच मासे बघायला किल्ली घेऊन यायचे. एकदा मी पाठोपाठ आत गेले. नवा नळीमागे तिरका पडलेला होता, पंखांच्या चिंध्या झालेल्या. रंग पुन्हा पिवळा होऊ लागला होता, पण तो पुरता पिवळा व्हायच्या आधीच मेला.

त्यांच्या समाजात बाराव्याला पगडीचा विधी असतो. गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाच्या डोक्यावर सगळ्यांदेखत पगडी बांधतात, आणि ज्याच्या डोक्यावर पगडी त्याची गादी. मी बायकांमध्ये सुमित्राभाभींच्या शेजारी बसले होते. प्रफुल उभा राहिला. पगडी मी बांधून घेतो, तो रिवाज आहे, असं म्हणाला. पण गादीवर काकाजींनी बसावं. नागपूर सोडणं मला होणार नाही, आणि मधल्या दिवसांत काकाजींनी दुकान कसं चालवलं ते मी पाहिलं आहे. ते बसत असतील तर दुकान राहील, नाहीतर मला ते बंद करावं लागेल. पोरगा सरळ बोलला. मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

सुमित्राभाभींनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. समाजातले मोठे लोक माना डोलवत होते, कुणाचीच हरकत नव्हती. छोटे शेठ उठले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाई." प्रफुलनं पुन्हा विचारलं. एकानं दटावूनही पाहिलं, की असं करू नका, बापजाद्यांचं दुकान आहे. ते हात जोडूनच उभे राहिले. मग पुढे होऊन त्यांनी पुतण्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं पगडी बांधली, टोक नीट खोचलं आणि त्याला आशीर्वाद दिला. माझ्या मनगटावरचा हात सुटला. भाभी काही बोलल्या नाहीत, तिथंही नाही आणि घरी गेल्यावर कित्येक दिवस नवऱ्याशीही नाही.

मला धीर निघेना. दुसऱ्याच दिवशी ते पेटीशी बसलेले असताना मी दारात जाऊन उभी राहिले. "काऊन नाई म्हणालात?" मी विचारलं. "आयतं ताट पुढं आलं होतं."

त्यांनी काळ्या माशाकडे बोट केलं. "हा मालकाचं संकट घेते म्हणे. मी त्याले टबात टाकलं. मंग भावाचं संकट घ्याले कोण होतं?"

मी चिडले. म्हटलं, छोटे शेठ, तुम्ही शिकलेले आहात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हात टेकले होते, मला प्रफुलनं सांगितलं. टबातला मासा काय आणि पेटीतला काय, नागपूरच्या किडनीला त्याचं काय. पंडितजी म्हणाले होते धंदा वाढेल, वाढला का? वाढवला तो तुम्ही. मी बरंच बोलले. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, ज्याला घ्यायचंच नाही ते गिऱ्हाईक हलवतं तशी. शेवटी माझाच घसा सुकला आणि मी परत येऊन मशीनवर बसले.

प्रफुलनं शब्द दिला होता तसंच केलं. माल हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला गेला आणि दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं दिलं. त्यानं ओट्यावर काचेची कपाटं लावली. मला कुणी उठवलं नाही, पण बसायला जागाच राहिली नाही. आता घरी शिवते. गल्लीतल्या चार बाया येतात तेवढ्याच. मासे प्रफुल परत घेऊन गेला. सुमित्राभाभी मुलीकडे अमरावतीला गेल्या, त्या आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि अजून आलेल्या नाहीत. त्यांचा ब्लाउज माझ्या ट्रंकेत होता, तो मी मयुरीच्या पत्त्यावर पाठवून दिला.

गेल्या महिन्यात मी अस्तराचं कापड आणायला हिंगणघाटला गेले होते. मोठं शोरूम, आत गारवा, पोरं सारख्या निळ्या टी-शर्टमध्ये. त्यांच्यात एक निळा टी-शर्ट म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर होता. मला ओळखायला वेळ लागला, कारण तो रंग त्यांच्या अंगावर मी कधी पाहिला नव्हता. छोटे शेठ रोज सकाळच्या एसटीनं येतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. इथं त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मला अस्तर दाखवलं, चांगलं कोणतं ते सांगितलं. मी भाभींची चौकशी केली. बऱ्या आहेत म्हणाले, मयुरीच्या फोनवरून खुशाली कळते, बोलणं मात्र होत नाही.

माझा जुना राग वर आला. मी म्हटलं, एका माशापायी स्वतःचं वाटोळं केलंत आणि भाभींचंही केलंत. आजही तुम्हाला तेच खरं वाटतं का?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. काउंटरवरचा पोरगा फोनमध्ये होता.

"माशाचं काई नाई, जया," ते म्हणाले. आवाज पुन्हा इतका बारीक, की मला पुढे वाकावं लागलं. "ते मलेही समजते. पण तुले काय सांगू, त्या दिवसाइत मी खुश होतो. भाऊ तिकडं नळ्या लावून पडला होता आन मी इकडं खुश होतो. जनमात तेवढा खुश नव्हतो झालो. नागपूरचा फोन वाजला का छातीत धस्स व्हाचं माह्या. तो मेला का म्हणून नाई. तो बरा होऊन येते का म्हणून."

त्यांनी अस्तर कापलं, घडी घातली, पिशवीत भरून माझ्या हातात दिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला, ताई, तुम्हाला काय दाखवू, म्हणून विचारायला लागले.